तिसऱ्या नंबरचं घर

इर्या आणि मी गेल्या सहा वर्षांत हजारभर घरं बघितली असतील, आणि त्यातलं एकही घ्यायचं आमच्या मनात नव्हतं.

रविवारी चर्चमधून आलं की इर्याच्या स्वयंपाकघरात लॅपटॉप उघडायचा, मी केलेले खजुराचे बार, म्हणजे भाजलेल्या वड्या, कापायचे आणि लोकांच्या घरांत शिरायचं. विकायला काढलेल्या घरांचे फोटो फुकट बघायला मिळतात, दिवाणखान्यापासून थेट न्हाणीघरापर्यंत. घंटा वाजवायला नको, बूट काढायला नको, आणि मुख्य म्हणजे "छान आहे हं" असं खोटं बोलायला नको. आमच्या डुलुथमध्ये तोंडावर खरं बोलायची पद्धत नाही. कुणाचा नवा सोफा डोळ्यांत खुपला तर आम्ही म्हणतो, "वेगळाच आहे," आणि कॉफीचा घोट घेतो. कुणी बार पुढे केला तर पहिल्यांदा नको म्हणायचं, दुसऱ्यांदा "कशाला उगाच" म्हणायचं, आणि तिसऱ्यांदा आग्रह झाला की घ्यायचा. पहिल्याच खेपेला हात पुढे करणारा माणूस एकतर बाहेरगावचा असतो, नाहीतर त्याच्या आईने त्याला काही शिकवलेलं नसतं. आठवडाभर असं गोड बोलून माझ्या पोटात जे साचायचं ते रविवारी बाहेर पडायचं. नावं ठेवायला मला मनापासून आवडतं, हे मी कबूल करते.

खेळाचे नियम ठरलेले होते. एका रविवारी घरं इर्याने निवडायची, एका रविवारी मी. निवडणारीने पत्ता आणि किंमत झाकून नुसते फोटो दाखवायचे. दुसरीने आधी पोटभर नावं ठेवायची आणि मग किंमत ओळखायची. शिवाय लिंबं होती. विकायच्या घरात, का कुणास ठाऊक, ओट्यावर काचेच्या वाडग्यात डझनभर लिंबं मांडून ठेवतात. जिला ती आधी दिसतील तिने "लिंबं!" असं ओरडायचं, आणि ताटलीतला शेवटचा बार तिचा.

मी तीस वर्षं पडद्यांच्या दुकानात काढली. खिडकी बघून मी घरातल्या बाईचा स्वभाव सांगते. आणि म्हातारपणाच्या खुणा तर माझ्या नजरेतून सुटतच नाहीत. टबशेजारी धरायचा दांडा दिसला की माझं एक ठरलेलं भाषण असायचं. "झालं! म्हातारीचं घर. अगं, न्हाणीघरात दांडा लागला की घर विकावं आणि सपाट जागी जावं. बाई स्वतःहून कधी म्हणणार नाही, मुलांनी समजून घ्यायचं असतं. पण मुलं भित्री!" हे मी मोठ्याने म्हणायचे. मी सगळंच मोठ्याने म्हणते. माझ्या स्वतःच्या न्हाणीघरात दोन वर्षांपूर्वी तसाच दांडा बसला होता, पण तो माझा दांडा होता. त्याचा या भाषणाशी काही संबंध असेल असं माझ्या डोक्यात एकदाही आलं नाही.

मार्चमध्ये माझा उजवा खुबा बदलला. ऑपरेशन मिनीॲपोलिसला झालं आणि माझ्या मुलाने मला तिथून थेट मेपल ग्रोव्हला आपल्या घरी नेलं. ब्रेंट माझा एकुलता एक. त्याचं घर बैठं, कुठे एक पायरी नाही, सून जनेल स्वभावाने बरी. दोन आठवडे म्हणता म्हणता मे महिना निम्मा सरला. ऑपरेशनच्या आधी वकिलाकडे जाऊन मी एका कागदावर सही केली होती, की मी आडवी आहे तोवर माझे सगळे व्यवहार ब्रेंटने पाहावेत. कागद अकरा पानांचा होता. मी शेवटचं पान वाचलं.

इर्या डुलुथला माझ्या समोरच राहते, रस्त्याच्या पलीकडे. एक्केचाळीस वर्षं आम्ही एकमेकींच्या दिव्यांवरून ओळखतो की पलीकडे कोण जागं आहे. त्यामुळे मी इथे अडकले तरी खेळ काही बंद पडला नाही. दर रविवारी अकरा वाजता ती फोटो पाठवायची, मी ते टॅब्लेटवर बघायचे, आणि कोपऱ्यातल्या छोट्या चौकोनात तिचा चेहरा दिसायचा.

त्या रविवारी पाळी इर्याची होती. जनेल बाजारात गेली होती, ब्रेंट स्वयंपाकघरात पॅनकेक करत होता. पहिलं घर लाकडाच्या ओंडक्यांचं होतं आणि त्याच्या भिंतींवर हरणांची सात मुंडकी होती. मी म्हटलं, जेवताना इतकी तोंडं आपल्याकडे बघत असतील तर माणूस उपाशीच उठेल. दुसरं घर तळ्याकाठचं, दगडी, नळ सोन्याचे. मी त्या नळांचा असा काही समाचार घेतला की एरवी इर्याच्या डोळ्यांत हसून पाणी आलं असतं. पण इर्या हसली नाही. मला वाटलं, तिच्याकडे आवाज नीट पोचत नसेल.

"आता तिसरं," ती म्हणाली. "हे नीट बघ. घाई करू नकोस."

पहिला फोटो ड्रोनने वरून काढलेला होता. गुलाबी आभाळ, टेकडीचा उतार, नको तितकं हिरवं गवत, आणि रस्त्यापासून घरापर्यंत चढत गेलेल्या पायऱ्या.

"अरे देवा, पायऱ्या बघ!" मी म्हटलं. "सतरा-अठरा तरी असतील. जानेवारीत बर्फ कोण काढतं इथलं? पोस्टमन रोज शिव्या घालत असेल. धडधाकट माणसाचं काम आहे हे घर म्हणजे."

"असं?" इर्या म्हणाली.

"असं म्हणजे काय! पुढचा दाखव."

दिवाणखाना आला. भिंती पांढऱ्याफटक, सोफा राखाडी, गालिचा राखाडी, त्यावर राखाडी उशा.

"धुण्याचं पाणी सांडल्यासारखं दिसतंय सगळं. आणि पडदे कुठे आहेत? इर्या, एका खिडकीला पडदा नाही! उघडीनागडी खिडकी रस्त्याकडे तोंड करून. या घरातल्या बाईला लाजच नसेल."

"लाज नसेल," इर्याने माझे शब्द सावकाश परत म्हटले. "हे तू म्हणतेस."

"मग कोण म्हणणार? तुला पडद्यातलं काय कळतं!"

स्वयंपाकघर आलं आणि मी ओरडले, "लिंबं!" भलामोठा वाडगा होता, त्यात वीस तरी असतील. इर्या त्यावरही हसली नाही. मी आपली सुटलेच होते. "कपाटं हाताने केलेली आहेत बघ, वरून नुसता पांढरा रंग फासलाय. दारं एका रेषेत नाहीत. कुणाच्या तरी नवऱ्याने हौसेने केली असणार, आणि बिचारीला 'वेगळीच आहेत' असं म्हणत जन्म काढावा लागला असेल."

मग न्हाणीघर आलं. टबशेजारी दांडा होता, आणि मी माझं भाषण पहिल्यापासून शेवटपर्यंत म्हटलं, "मुलं भित्री"सकट. स्वयंपाकघरात ब्रेंटचं उलथनं क्षणभर थांबलं आणि परत सुरू झालं.

"किंमत?" इर्याने विचारलं.

"दोन लाख दहा हजार. त्याच्यावर एक डॉलर देणारा माणूस डोळ्यांनी अधू असेल."

इर्याने ओठ घट्ट मिटले होते. मी तिचा तो चेहरा आयुष्यात दोनदाच पाहिला होता, एकदा तिच्या नवऱ्याच्या अंत्यविधीला, आणि एकदा माझ्या हातून तिचा सतरंज्या विणायचा माग मोडला तेव्हा.

"मार्लिस, तुला मला काही सांगायचंय का?"

"हो. दिवा लाव, तोंड काळं दिसतंय तुझं."

"आणखी काही?"

"आणखी काय? बरं नाहीये का तुला?"

"एक फोटो राहिलाय," ती म्हणाली.

शेवटचा फोटो वरच्या मजल्यावरच्या खिडकीतून काढलेला होता. लांबवर तळं, बंदरावरचा उचलायचा पूल, आणि खाली, अगदी समोर, एक हिरवं पत्र्याचं छप्पर. छपराच्या मागे दोरी, आणि दोरीवर वाळत घातलेल्या दोन चिंध्यांच्या सतरंज्या, काळ्या-लाल पट्ट्यांच्या.

"अगं, तुझ्यासारख्याच सतरंज्या आहेत की यांच्या शेजारणीकडे," मी म्हटलं.

"माझ्यासारख्या नाहीत. माझ्याच आहेत."

मी चष्मा पुसला. परत बघितलं. इर्याच्या परसातली दोरी जगात फक्त एका खिडकीतून अशी दिसते. त्या खिडकीत उभी राहून मी एक्केचाळीस वर्षं केसांतून कंगवा फिरवला आहे.

मी बोट मागे सरकवत एकेक फोटो उलटा बघत गेले. दांडा माझा होता. त्याच्या वरच्या भिंतीच्या टाइल्स मीच निवडल्या होत्या. कपाटं ऑर्वने केली होती, माझ्या नवऱ्याने, ब्रेंटच्या जन्माच्या वर्षी, तळघरात तीन महिने खपून, आणि त्यांची दारं खरंच एका रेषेत नव्हती. ती मधाच्या रंगाची होती, आता पांढरी दिसत होती. भिंतीवरची निळ्या फुलांची नक्षी गायब होती. माझे पडदे नव्हते, माझी खुर्ची नव्हती, ऑर्वचा रेडिओ नव्हता. खाली बारीक अक्षरांत लिहिलं होतं की सामान आणि रंग संगणकाने दाखवले आहेत. आणि माझ्या ओट्यावर वीस लिंबं! माझ्या घरात जन्मात कधी एका वेळी दोनपेक्षा जास्त लिंबं आली नाहीत.

"बोल आता," इर्या म्हणाली, आणि तिचा आवाज फुटला. "एक्केचाळीस वर्षं समोर राहतेय मी. गेल्याच्या गेल्या मंगळवारी ट्रक आला, तुझं सामान बाहेर काढत होते. मी म्हटलं, रविवारी सांगेल. मागच्या रविवारी तू तासभर जनेलने ओव्हनमध्ये केलेल्या हॉटडिशबद्दल बोललीस. मग हे फोटो दिसले. मी म्हटलं, ठीक आहे, खेळात टाकून बघू, तरी सांगते का. आणि तू तिथे बसून स्वतःच्याच घराला नावं ठेवतेस, मला उल्लू बनवायला! किंमतसुद्धा चुकीची सांगतेस! काय अभिनय आहे तुझा, मार्लिस!"

"इर्या," मी म्हटलं. "मला माहीत नव्हतं."

"काय माहीत नव्हतं?"

"माझं घर विकायला काढलंय हे."

इर्याने हात तोंडावर नेला. आत पॅनकेक जळल्याचा वास येत होता, आणि उलथन्याचा आवाज बंद झाला होता.

ब्रेंट दारात उभा होता. चाळिशी ओलांडलेला माझा मुलगा, कमरेला जनेलचा एप्रन, आणि चेहऱ्यावर, मला अजून विश्वास बसत नाही, थोडंसं हसू.

"अरेरे," तो म्हणाला. "इतक्यात कळायला नको होतं तुला."

"इतक्यात?"

"मंगळवारी तुझा वाढदिवस ना. तेव्हा सांगणार होतो. इर्याकाकू, तुम्ही सगळी मजा घालवलीत!"

ब्रेंट उत्साहाने सांगत होता. इथून दहा मिनिटांवर एक नवी इमारत झालीय, तळमजल्यावरची जागा मिळतेय, लिफ्ट आहे, न्हाणीघर मोठं आहे. खिडक्या मुद्दाम मोकळ्या ठेवायला सांगितल्यात, पडदे आई ठरवेल म्हणून. डुलुथच्या घराला एका तरुण जोडप्याने मागणी घातलीय, मागितलेल्या दोन लाख चौऱ्याण्णव हजारांच्याही वर चार हजार. त्यांना आज संध्याकाळी पाचपर्यंत उत्तर हवंय.

"तुला कुणी सांगितलं," मी शेवटी म्हटलं, "मला घर विकायचंय म्हणून?"

तो गोंधळला. त्याचं हसू हळूहळू उतरलं.

"तू," तो म्हणाला.

"मी?"

"तूच, आई. सहा वर्षं. मी महिन्यातून एकदा घरी यायचो तेव्हा, इर्याकाकूंच्या ओसरीत बसून ऐकायचो. इथे तर दर रविवारी ऐकतोय. दांडा लागला की घर विकावं. बाई स्वतःहून म्हणणार नाही. मुलांनी समजून घ्यायचं असतं, पण मुलं भित्री. आत्ता पाच मिनिटांपूर्वी परत म्हणालीस."

"ते मी त्या लोकांना म्हणत होते!"

"ते लोक कुठे ऐकत होते? ऐकत तर मी होतो."

मी टॅब्लेट टेबलावर पालथा ठेवला.

"आणि मी तुला न विचारता केलं नाही," ब्रेंट म्हणाला. त्याचा आवाज आता लहान मुलासारखा झाला होता. "ख्रिसमसला विचारलं, घर विकायचं का. तू म्हणालीस, छे, नको. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी विचारलं. तू म्हणालीस, 'माझ्यासाठी कशाला उगाच त्रास घेता.' मग ऑपरेशन झाल्यावर, तू डोळे उघडलेस तेव्हा, परत विचारलं. तू म्हणालीस, 'बरं, बघा काय ते.' तीनदा विचारलं, आई. तीनदा."

मला त्यातलं शेवटचं काही आठवत नाही. भूल पुरती उतरली नव्हती. पण पहिले दोन 'नको' मला लख्ख आठवतात, आणि ते खरे 'नको' होते. एवढंच की मी ते त्याच आवाजात म्हटले होते ज्या आवाजात मी बार नको म्हणते. माझ्याजवळ दुसरा आवाजच नव्हता. पहिल्यांदा नको, दुसऱ्यांदा कशाला उगाच, तिसऱ्यांदा खरं काय ते. चार वर्षांचा असताना लग्नाच्या जेवणात त्याने पहिल्याच खेपेला केकचा तुकडा उचलला म्हणून मी त्याला चिमटा काढला होता. त्याला हे सगळं मीच तर शिकवलं होतं.

राग तर मला इतका आला होता की कानांतून वाफ निघावी. पण तो कुणावर काढू तेच कळेना.

"गाडी काढ," मी म्हटलं. "मला माझ्या घरी जायचंय. आत्ता."

डुलुथ तिथून अडीच तासांवर आहे. वाटेत हिंक्लीला आम्ही नेहमी कॅरमेल रोलसाठी थांबतो, तिथेही थांबलो नाही. ब्रेंट स्टिअरिंग दोन्ही हातांनी धरून बसला होता. मी खिडकीबाहेर बघत मनात एकच गोष्ट घोकत होते. घरी जायचं, दार लावून घ्यायचं, आणि पाच वाजता त्या जोडप्याला सांगायचं की घर विकायला नाही, कधीच नव्हतं, चूक झाली. माझ्या गल्लीतून मला कोण हलवतो ते बघतेच.

गाडी थांबली आणि मी वर बघितलं. घर होतं तिथेच होतं, मधाच्या रंगाचं लाकूड, वर उतरतं छप्पर. आणि खिडक्यांना पडदे नव्हते. संगणकाची करामत नव्हती ती. खरोखर नव्हते. आतली रिकामी भिंत रस्त्यावरून दिसत होती. कुणीतरी कपडे काढून मला भर रस्त्यात उभं केलंय, असं मला वाटलं.

"कुठे आहेत?" मी विचारलं.

"गॅरेजमध्ये," ब्रेंट म्हणाला. "सगळं आहे, आई. घड्या घालून ठेवलेत. काहीही टाकलेलं नाही, शपथ. बाबांचा रेडिओसुद्धा आहे."

मी वॉकर त्याच्या हातात दिला, कठडा धरला आणि चढायला लागले. चांगला पाय आधी, मग नवा. डॉक्टरांनी शिकवलं होतं तसंच. एक, दोन, तीन. मी सकाळी सतरा-अठरा म्हटलं होतं. पायऱ्या सतराच आहेत. एवढ्या वर्षांत मी त्या कधी मोजल्या नव्हत्या, कारण मोजायची वेळच आली नव्हती. पाचव्या पायरीला घाम फुटला. सातव्या पायरीला खुब्यातून अशी कळ गेली की डोळ्यांसमोर काजवे चमकले. आठव्या पायरीवर मी बसले. बसले म्हणजे बसावंच लागलं.

वर नऊ उरल्या होत्या.

ब्रेंट दोन पायऱ्या खाली उभा होता, हात पुढे केलेले, पण मला न लावता. त्याचे डोळे भरले होते. "मी रद्द करतो," तो म्हणाला. "आत्ता फोन करतो. चुकलं माझं. तू म्हणशील तसं, आई. मी इथे येऊन राहीन, बर्फ काढीन, काय हवं ते करीन. फक्त सांग."

सकाळी अकरा वाजता, घर कुणाचं ते माहीत नसताना, मी जे जे बोलले होते ते आठवत होते. पायऱ्यांबद्दलचं प्रत्येक वाक्य खरं होतं. धडधाकट माणसाचं काम आहे. दांड्याबद्दलचंही खरं होतं. कपाटांबद्दलचंही, ऑर्व, माफ कर, पण होतं. सहा वर्षं मी त्या म्हाताऱ्या बायांना हसले, ज्यांना आपलं घर दिसत नव्हतं, आणि मला माझं दिसायला कुणीतरी पत्ता झाकून दाखवावं लागलं. मला धक्का बसला होता तो आता मुलाचा नव्हता. माझ्याच तोंडाचा होता. आणि तरीही या रस्त्यावरून उठून त्या लिफ्टवाल्या इमारतीत जायचं, सकाळी पडदा सारल्यावर समोर इर्याचा दिवा नसणार, हा विचारच मला सहन होत नव्हता. मी आठव्या पायरीवर बसून रडले. ब्रेंटसमोर मी त्याच्या बापाच्या मयतालाही रडले नव्हते.

पलीकडचं दार उघडलं. इर्याचं घर उताराच्या बाजूला आहे, रस्त्यावरून थेट आत, मध्ये उंबऱ्याशिवाय काही नाही. ती एका हातात थर्मास आणि दुसऱ्या हातात ताटली घेऊन रस्ता ओलांडून आली. आठ पायऱ्या चढली, माझ्यापुढे उभी राहिली. तीही रडलेली दिसत होती, पण त्याबद्दल आमच्यात कुणी विचारत नाही.

"कॉफी आणलीय," ती म्हणाली.

"हं."

"उकळलेलीच आहे. तुला आवडत नाही तशी."

"हं."

तिने माझ्याकडे बघितलं नाही. वरच्या उघड्या खिडक्यांकडे बघत ती म्हणाली, "माझी खालची खोली आहे ना. मागाची. माग तळघरात नेता येईल, सॉनाच्या शेजारी. हातमोजे घालून विणत बसेन, काय बिघडलं. खोलीला खिडकी मोठी आहे. रस्त्याकडे." तिने घसा साफ केला. "राहतेस का माझ्याकडे?"

आता इथे काय म्हणायचं असतं ते मला माहीत होतं. छे गं, नको. तुला कशाला त्रास. ते शब्द सवयीने जिभेच्या टोकापर्यंत आलेसुद्धा.

"हो," मी म्हटलं.

इर्याच्या हातातली ताटली कलली. एक बार घरंगळत पायऱ्या उतरत रस्त्यापर्यंत गेला. ब्रेंटने तोंड उघडलं होतं ते तसंच राहिलं. सत्तर वर्षांत मी पहिल्याच खेपेला कशालाही हो म्हटलेलं त्या दोघांनी कधी ऐकलं नव्हतं, आणि खरं सांगायचं तर मीही नव्हतं.

"आई," ब्रेंट हळूच म्हणाला, "म्हणजे त्या लोकांना... विकायचं का?"

"विक," मी म्हटलं. "पण मी सांगतेय म्हणून. तू ऐकलंस म्हणून नाही. मी तुझ्यावर रागावलेय, ब्रेंट. खूप. हे मी पहिल्यांदाच सांगतेय आणि एकदाच सांगणार आहे, तेव्हा तिसऱ्यांदाची वाट बघत बसू नकोस." त्याने मान हलवली. "आणि आधी गॅरेजमध्ये जा, पडदे काढ आणि खिडक्यांना लाव. सगळ्या खिडक्यांना. पाच वाजता विकायचं तर विकू, पण माझं घर असं उघडंनागडं विकलं जाणार नाही."

तो वर गेला. नऊ पायऱ्या त्याने चार ढांगांत संपवल्या. थोड्या वेळाने आतून खोकी उघडल्याचा आवाज आला.

इर्या अजून ताटली धरून तशीच उभी होती. चेहऱ्यावर असा भाव, की कुणीतरी तिच्या हातातून काहीतरी हिसकावून घेतलंय.

"अगं, पण मला अजून दोनदा विचारायचं होतं," ती म्हणाली.

"मग विचार की."

ती माझ्याशेजारी आठव्या पायरीवर बसली आणि तिने विचारलं. मग कॉफी ओतली आणि परत विचारलं. मी दोन्ही वेळा हो म्हटलं.